घाई कुठे आणि सबुरी कुठे

मोहोळच्या माझ्या दवाखान्यात स्तनातल्या गाठीची तक्रार घेऊन थेट आलेली बाई क्वचितच भेटते. पाळी पुढेमागे होते, कंबर धरते, अंगावरून पांढरं जातं, असं सगळं सांगून होतं, औषधाची चिठ्ठी हातात पडते आणि दाराशी पोचल्यावर ती वळून म्हणते, "मॅडम, हितं एक बारकी गाठ लागतीया." विचारावं तर कळतं, गाठ दसऱ्याच्या सुमाराला हाताला लागली होती आणि आता होळी जवळ आली आहे. दुखत नव्हती म्हणून अंगावर काढली. अंगावर पिणारं पोर असलं तर घरातल्या जाणत्या बायकांनी "दूध साकळलंय" म्हणून सांगितलेलं असतं. नवऱ्याला सांगायची लाज आणि सासूला सांगायची भीती.

याच बाईचा तपासणीचा कागद कॅन्सर म्हणून आला की त्या घराची चाल एकदम बदलते. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा, दीर, मामा आणि गावातला एखादा जाणकार माझ्यासमोर येऊन बसतात. "उद्याच्या उद्या काढून टाका. सगळंच काढा. पैशाचं आम्ही बघतो." ज्या घरानं पाच महिने वाट पाहिली, त्याला आता पाच दिवस थांबवत नाही.

मला सांगायचं आहे ते या उलट्या क्रमाबद्दल. गाठ लागल्यापासून निदान होईपर्यंत विनाकारण एक आठवडाही वाया जाता कामा नये. निदान झाल्यावर मात्र पहिला उपचार ठरवण्यासाठी दोन-तीन आठवडे घ्यावेत, आणि ते नीट वापरावेत. तेवढ्यानं सुरुवातीच्या टप्प्यातला स्तनाचा कॅन्सर हाताबाहेर जात नाही. तरुण बाईपुढे तर या आठवड्यांत जे प्रश्न असतात, ते साठीतल्या बाईपुढे नसतातच: स्तन ठेवायचा का, पुढे मूल हवं का, पाळी कायमची जाईल का, माहेरच्या बहिणींना धोका आहे का. एकदा शस्त्रक्रिया होऊन केमोचं पहिलं सलाईन लागलं की यातले काही प्रश्न विचारण्याची वेळ निघून गेलेली असते.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कॅन्सर झाल्याचं निदान झालं आणि सुमारे ९८ हजार बायका त्यानं गेल्या. पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे हा आजार साधारण दहा वर्षं आधी दिसतो. याचं एक कारण आपल्या लोकसंख्येत तरुण बायकाच जास्त आहेत, हेही आहे. पण चाळिशीच्या आतल्या गाठी बऱ्याचदा जास्त आक्रमक जातीच्या असतात, हे मात्र जगभर दिसलेलं आहे. म्हणून "एवढ्या लहान वयात कुठला कॅन्सर" हे वाक्य मला फार घातक वाटतं. ते घरातली माणसं म्हणतात आणि कधीकधी डॉक्टरही म्हणतात.

आमच्या शेजारच्या तालुक्यात या बाबतीत एक मोठं काम झालेलं आहे आणि त्याची आठवण इथल्याच लोकांना कमी आहे. वैरागमार्गे बार्शीला गेलं की नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय लागतं. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या साथीनं तिथे १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात येत होती. खेड्यात मृत्यूचं कारण कुठे लिहिलं जात नाही, रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचेलच असं नाही. त्यामुळे नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरले, लोकांना जमवून बोलले, कोणती लक्षणं दिसली तर यायचं हे सांगत राहिले. नोंदी मिळाल्याच, शिवाय गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात रुग्णालयात येऊ लागल्या. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही, नुसतं बोलण्यानं हे झालं.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयानं १९९८ पासून वीस वर्षं चालवलेली चाचणीही अशीच. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायका तिच्यात होत्या. निम्म्या बायकांचे स्तन प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासले. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तपासलेल्या गटात गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजारानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंमध्ये तसा ठळक फरक दिसला नाही. याचा मी लावलेला अर्थ असा की तरुण बाईनं शिबिराची वाट बघत बसू नये. तिशीपुढच्या बायकांची तपासणी आता गावच्या आरोग्य मंदिरात होते, आशाताई घरी येऊन फॉर्म भरून घेतात, त्याचा फायदा घ्यावाच. पण आंघोळ करताना हाताला काही वेगळं लागलं तर शिबिराची तारीख विचारत बसायचं नाही.

आता निदानाकडे येते. माझी सगळ्यात मोठी विनंती इथेच आहे: सुरी लावण्याआधी सुई लावा.

लहान गावांतून अजूनही असं होतं की गाठ दिसली, भूल दिली, गाठ काढली आणि ती कॅन्सरची होती हे नंतर कळलं. कधी तर काढलेली गाठ तपासायलाच पाठवलेली नसते. मग कडा स्वच्छ आहेत की नाही ते कळत नाही, त्याच जागी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि गाठ असतानाच आधी औषध देऊन तिची प्रतिक्रिया बघण्याची संधी हातची जाते. योग्य क्रम साधा आहे. डॉक्टरनं हातानं तपासणं, मग सोनोग्राफी, जरूर तशी मॅमोग्राफी, आणि मग जाड सुईनं गाठीचे दोन-चार बारीक तुकडे घेणं. पस्तिशीच्या आत स्तनाचा मांसल भाग दाट असतो, त्यात मॅमोग्राफीला गाठ लपते, म्हणून सोनोग्राफी आधी करतात. बारीक सुईनं पेशी ओढून केलेली तपासणी कॅन्सर आहे एवढं सांगू शकते, पण त्याची जात पक्की कळण्यासाठी जाड सुईचाच तुकडा लागतो. याला ट्रूकट बायोप्सी म्हणतात. जागा बधिर करून होते आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे मी रोज ऐकते. ते खरं नाही. पोर अंगावर पीत असतानाही ही तपासणी करता येते.

या तुकड्यावर तीन गोष्टी तपासतात. इस्ट्रोजेनचे ग्राहक, प्रोजेस्टेरॉनचे ग्राहक आणि हर-टू नावाचं प्रथिन. या तिन्हींची उत्तरं हातात नसताना उपचार ठरवणं म्हणजे अंदाजानं चालणं. हर-टूच्या पुढे "दोन प्लस" लिहिलेलं असेल तर ते उत्तर अर्धवट आहे, फिश नावाची आणखी एक तपासणी करावी लागते. हा कागद जपून ठेवा. पुढे कुठेही गेलात तरी पहिल्यांदा तोच मागतात.

सुरुवातीचा टप्पा म्हणजे काय, हेही सांगते. गाठ दोन सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे मोठ्या बोराएवढी, आणि काखेतल्या ग्रंथी स्वच्छ असल्या की पहिला टप्पा. त्याहून मोठी, पाच सेंटीमीटरपर्यंत, किंवा काखेत एखाद-दुसरी हलणारी ग्रंथी लागत असली की साधारण दुसरा. या दोन्ही टप्प्यांतला उपचार आजार पूर्ण बरा करण्यासाठीच असतो. हे वाक्य मी घरच्यांसमोर दोनदा म्हणते, कारण कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर पुढचं काही कानात शिरत नाही.

दोन मुलींबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पहिली सीना नदीकाठच्या एका गावची, बत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई. द्राक्षबागेत कामाला जाणारी. गाठ तीन सेंटीमीटर, काखेत काही नाही, आणि तिन्ही ग्राहक नकारात्मक. याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. नवरा म्हणत होता, सगळं काढा. सासू म्हणत होती, सगळं काढा. तिला कुणी विचारलं नव्हतं. मी सगळ्यांना बाहेर बसवलं. ती बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली, मग म्हणाली, "मॅडम, ठिवलं तर म्या कमी जगंन का?"

या प्रश्नाचं उत्तर जगानं फार कष्टानं मिळवलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत हॉलस्टेड या शल्यविशारदानं स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काख असं सगळं खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. जितकं जास्त काढू तितकं चांगलं, या समजुतीवर कित्येक दशकं गेली. १९७० च्या दशकात इटलीत वेरोनेसी आणि अमेरिकेत फिशर यांनी बायकांचे दोन गट करून तपासलं: एका गटात पूर्ण स्तन काढला, दुसऱ्यात फक्त गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढून किरणोपचार दिले. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ साली आले. दोन्ही गटांतल्या बायका सारख्याच जगल्या. कारण जीव जातो तो आजार फुप्फुसात, यकृतात, हाडांत गेल्यामुळे. छातीवरचं जास्तीचं मांस काढून ते थांबत नाही, त्यासाठी औषध लागतं.

म्हणून मी तिला म्हटलं, "नाही गं. दोन्हीत जगणं सारखंच आहे." "मग ठिवा," ती म्हणाली.

हे खरं की ठेवलेल्या स्तनात आजार परत येण्याची शक्यता थोडी राहते आणि तरुणपणी ती जरा जास्त असते. म्हणून तरुण बायकांना गाठीच्या जागी किरणांचा जादा डोस देतात. परत आलाच तर पुन्हा शस्त्रक्रिया करता येते. काही वेळा मात्र पूर्ण स्तन काढणंच योग्य: एकाच स्तनात दूरदूर अनेक गाठी असल्या, कडा पुन्हापुन्हा स्वच्छ मिळेनात, किंवा छातीला पूर्वी किरणोपचार झालेले असले तर. आणि एखादीला स्वतःलाच काढून टाकल्याशिवाय झोप लागणार नसेल, तर तोही तिचा हक्क. त्याच वेळी किंवा नंतर स्तनाची पुनर्रचना करता येते, हे मात्र तिला आधी सांगितलं पाहिजे. आपल्याकडे ते सांगायचंच राहून जातं.

मोहोळसारख्या गावात निर्णय बऱ्याचदा वेगळ्याच गोष्टीवर होतो. किरणोपचाराला इथल्या बायका "शेक" किंवा "लाईट" म्हणतात. "रोज शेकाला कोण नेणार?" या एका प्रश्नापायी कित्येक स्तन काढले गेले आहेत. पूर्वी पाच-सहा आठवडे रोज जावं लागायचं. आता तीन-चार आठवड्यांत, पंधरा-वीस बैठकांत काम होतं. ब्रिटनमधल्या २०२० च्या निष्कर्षांनंतर तर निवडक बायकांना एका आठवड्यात पाच बैठकांत उपचार देता येतात. तेव्हा आधी "माझ्यासाठी कमीत कमी किती दिवसांचा शेक चालेल आणि राहायची सोय आहे का" हे विचारा, मग ठरवा. आणि पूर्ण स्तन काढला की शेक टळतोच असंही नाही. काखेतल्या ग्रंथींत आजार निघाला तर पुष्कळदा तो तरीही घ्यावा लागतो. हे शस्त्रक्रियेनंतर कळलं की घरच्यांना फसवल्यासारखं वाटतं.

काखेचा प्रश्न शेतात राबणाऱ्या बाईसाठी स्तनाइतकाच मोठा आहे. सगळ्या ग्रंथी काढल्या की काहींच्या हाताला कायमची सूज येते. बांगड्या चढत नाहीत, खुरपं धरवत नाही, डोक्यावर भारा घेताना हात वर जात नाही. आता निळा रंग टोचून तो ज्या पहिल्या ग्रंथींत उतरतो तेवढ्याच काढून तपासतात. त्या स्वच्छ असल्या तर बाकीच्या ठेवतात. टाटा रुग्णालयानं काखेच्या खालच्या भागातल्या मोजक्या ग्रंथी काढण्याची सोपी पद्धतही वापरात आणली आहे, तिला महागडी यंत्रं लागत नाहीत. "माझ्या काखेतलं सगळं काढणार की थोडं?" हा प्रश्न प्रत्येकीनं विचारावा. ज्यांचं सगळं काढलेलं आहे त्यांनी त्या हाताला व्यायाम द्यावा. डाळिंब तोडताना, उसाचं पाचट ओढताना हातमोजा घालावा. साध्या काट्याच्या जखमेतून हात सुजून लाल झालेला मी पाहिला आहे.

द्राक्षबागेतल्या त्या मुलीला आधी केमो दिली, मग शस्त्रक्रिया. घरच्यांना हे पटेना. गाठ आत ठेवून सलाईन कसलं? पण ट्रिपल निगेटिव्ह आणि हर-टू जातीच्या, दोन सेंटीमीटरहून मोठ्या गाठींत हा क्रम आता बऱ्याच ठिकाणी पहिला मानतात. गाठ आकसते, स्तन ठेवणं सोपं होतं, आणि औषध लागू पडतंय की नाही हे डोळ्यांना दिसतं. शस्त्रक्रियेच्या वेळी काही शिल्लक निघालं तर पुढे वेगळं औषध जोडता येतं. ट्रिपल निगेटिव्हसाठी टाटा रुग्णालयानं केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ च्या डिसेंबरात आले. नेहमीच्या केमोला कार्बोप्लॅटिन हे जुनं, तुलनेनं स्वस्त औषध जोडलं तर पन्नास किंवा त्याहून कमी वयाच्या बायकांचा ठळक फायदा झाला: पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ६६ वरून ७७ टक्क्यांवर गेलं. आपल्या देशातल्या, आपल्यासारख्या बायकांवर काढलेलं हे उत्तर आहे. इम्युनोथेरपीचं औषधही या जातीत उपयोगी आहे, पण त्याची किंमत आमच्या भागातल्या फार थोड्या घरांना पेलते.

हर-टू जातीचा आजार एकेकाळी सगळ्यात वाईट समजला जाई. ट्रॅस्टुझुमॅब या औषधानं ते चित्र पालटलं. २०१४ पासून त्याच्या भारतीय आवृत्त्या निघाल्या आणि किंमत खाली आली. पूर्ण मात्रा वर्षभराची असते. ज्यांना ती शक्य नाही त्यांच्यासाठी सहा महिन्यांचा पर्याय मोठ्या चाचणीत तपासलेला आहे. "वर्षभर जमणार नाही, म्हणून घेतलंच नाही" असं करू नका, डॉक्टरांना कमी मुदतीबद्दल विचारा.

दुसरी मुलगी एकोणतीस वर्षांची, लग्नाला वर्ष होत आलेलं, अजून मूल नाही. गाठ दीड सेंटीमीटर, हार्मोनचे ग्राहक सकारात्मक. हा प्रकार त्यातल्या त्यात सौम्य, पण उपचार लांबलचक: पाच ते दहा वर्षं रोज एक गोळी. तिच्याबरोबर तिची थोरली बहीण आली होती. सासरचं कुणी नव्हतं. बहिणीनं विचारलं, "हिचं आई होणं संपलं का?"

स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मला वाटतं की हा प्रश्न पहिल्याच भेटीत, रुग्णानं विचारण्याआधी, डॉक्टरनं काढला पाहिजे. केमोमुळे बीजांडं कमी होतात. कुणाची पाळी परत येते, कुणाची येत नाही. केमोच्या आधी बीजांडं किंवा गर्भ गोठवून ठेवता येतात. त्याला साधारण दोन आठवडे लागतात आणि पाळीच्या कुठल्याही दिवशी सुरुवात करता येते. इंजेक्शनांमुळे वाढणारं इस्ट्रोजेन आटोक्यात ठेवायला सोबत एक गोळी देतात. खर्च मोठा आहे आणि आमच्याकडच्या पुष्कळ मुलींना पुण्याला जावं लागतं. पण ज्या सबुरीबद्दल मी बोलते आहे, ती याच दोन आठवड्यांसाठी. केमो चालू असताना अंडाशय झोपवून ठेवणारं दर महिन्याचं इंजेक्शनही काही अंशी मदत करतं.

आणि नंतरचं काय? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'पॉझिटिव्ह' नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ४२ वर्षांपर्यंतच्या पाचशेहून अधिक बायका होत्या. त्यांनी दीड ते अडीच वर्षं गोळी घेतली, मग मूल होण्यासाठी दोन वर्षांपर्यंत ती थांबवली आणि नंतर पुन्हा सुरू केली. तीन वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण ८.९ टक्के निघालं. गोळी न थांबवणाऱ्या तशाच बायकांच्या गटात ते ९.२ टक्के होतं. म्हणजे निदान या मुदतीत तरी धोका वाढलेला दिसला नाही. हे सांगितल्यावर बहीण रडली आणि ती मुलगी हसली.

गोळीचं नाव टॅमॉक्सिफेन. काही रुपयांची गोळी आहे, पण कित्येकींचा जीव तिनं राखला आहे. अडचण अशी की वर्ष-दोन वर्षांत बरं वाटायला लागतं आणि बायका ती आपणहून सोडतात. सोडू नका. ती चालू असताना दिवस राहता कामा नयेत, कारण बाळाला व्यंग येऊ शकतं. पाळणा थांबवण्यासाठी हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, तांबी किंवा निरोध वापरावा. आमच्याकडे पंचविशीच्या आत ऑपरेशन झालेल्या बायका पुष्कळ, त्यांचा हा प्रश्न मिटलेला असतो. धोका जास्त असेल, विशेषतः वय पस्तिशीच्या आत असेल, तर गोळीबरोबर अंडाशयांचं काम थांबवण्याचाही फायदा होतो. त्यासाठी दर महिन्याला इंजेक्शन घ्यायचं किंवा अंडाशय काढायचे. इथे एक गोंधळ नेहमी होतो. सोलापूर-मराठवाड्याकडे "पिशवी काढणं" इतकं रुळलं आहे की बायका म्हणतात, "माझी पिशवी तर आधीच काढलीया." पिशवी म्हणजे गर्भाशय. इस्ट्रोजेन तयार होतं अंडाशयांत. नुसती पिशवी काढल्यानं या आजारात काही साधत नाही. मूल हवं असलेल्या मुलीचे अंडाशय तर घाईनं मुळीच काढू नयेत.

गरोदरपणात गाठ निघाली तर? गर्भपात केलाच पाहिजे असं नाही. शस्त्रक्रिया होऊ शकते, पहिले तीन महिने उलटल्यावर काही केमोही देता येते. शेक, गोळी आणि ट्रॅस्टुझुमॅब बाळंतपणानंतर.

चाळिशीच्या आत निदान झालेल्या प्रत्येकीनं जनुकीय तपासणीबद्दल विचारावं. या आजाराचा धोका वाढवणारा ब्राका जनुकातला दोष आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो. मावशीची चौकशी सगळे करतात, आत्याची कुणी करत नाही. आत्याला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर ते डॉक्टरांना सांगा. दोष निघाला तर दुसऱ्या स्तनाचा आणि अंडाशयांचा निर्णय बदलू शकतो, बहिणींनाही वेळीच सावध करता येतं.

आणखी एक गोष्ट, जी शस्त्रक्रिया करणाऱ्यांना जरूर विचारावी. टाटा रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या अकरा केंद्रांत सुमारे सोळाशे बायकांवर चाचणी झाली. शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचं. दात काढताना देतात तेच बधिर करणारं औषध. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झालं. निष्कर्ष २०२३ साली छापून आले. खर्च नगण्य. मला यात दुसरंही काही दिसतं: औषध न टोचलेल्या गटातल्याही शंभरातल्या शहाऐंशी बायका पाच वर्षांनी जिवंत होत्या. भारतातल्या, लवकरच्या टप्प्यातल्या बायकांचा हा आकडा आहे. पारावर बसून "कॅन्सर म्हणजे संपलंच" म्हणणाऱ्यांना तो ऐकवा.

पैशाचं थोडं. गरिबांवरच्या मोठ्या उपचारांसाठी राज्यानं २०१२ साली जीवनदायी योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होता. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे आणि २०२३ च्या निर्णयानुसार राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा, मग पैसे भरायच्या खिडकीकडे. मुंबईला टाटात जायचं झालं तर उपचाराचं पत्र दाखवून रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टायर एसी डब्यात रुग्णाला पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. सोलापूरहून रात्री निघणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी मुंबईत पोचवते. पण प्रत्येकीला मुंबई लागतेच असं नाही. वर सांगितलेले बहुतेक उपचार बार्शीत किंवा सोलापुरात होऊ शकतात, आणि ज्या ठिकाणी रोज जाता येईल, उपचार अर्धवट सुटणार नाहीत, ते ठिकाण मला जास्त चांगलं वाटतं.

मोहोळ तालुक्यातल्या माझ्या लेकी-सुनांनो, स्तनात गाठ लागली, कातडीला खळी पडली, बोंड आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्त आलं, तर एक पाळी येऊन जाण्यापलीकडे थांबू नका. अंगावर पाजत असाल आणि गाठ दोन आठवड्यांत गेली नाही, तर सोनोग्राफी करून घ्या. कॅन्सर निघालाच तर तीन तपासण्यांचा कागद हातात येईपर्यंत कुणालाही सुरी लावू देऊ नका आणि मूल हवं असेल तर ते पहिल्याच दिवशी मोठ्यानं सांगा. आणि सासूबाई, मावशी, आत्या, तुम्हाला हात जोडून सांगते: पोरीनं गाठ दाखवली तर दूध साकळलंय म्हणू नका, तिच्याबरोबर दवाखान्यात या. जन आरोग्य योजनेचा मोफत फोन क्रमांक १५५३८८ आहे.